मत्स्यालयात किनाऱ्यावरची रेती नको, आधी झाडं ठरवा मग तळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरात मत्स्यालय कसं करायचं यावर एक लेख आला होता. लेख आवडला, फोटो तर फारच सुंदर होते, आणि मराठीत या विषयावर कोणीतरी लिहितंय याचंच मला बरं वाटलं, कारण गोव्यात हा छंद आता चांगला वाढलाय, म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव कुठेही जा, दुकानात गप्पी आणि टेट्रा माशांसोबत आता पाणवनस्पतीसुद्धा विकायला दिसतात. पण त्या लेखातलं एक वाक्य वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसलो. झाडं लावायची असतील तर तळाला समुद्रकिनाऱ्यावरची रेती स्वच्छ धुवून घाला आणि वर शोभेसाठी शिंपल्या पसरा, असं त्यात लिहिलंय. कृपा करून हे कोणी करू नका. माशांसाठी नको, झाडांसाठी तर नकोच नको, आणि आपल्या किनाऱ्यांसाठीही नको.

लोकांना वाटतं की समुद्राच्या रेतीची अडचण म्हणजे मीठ, आणि मीठ काय चार पाण्यांनी धुतलं की जातं. मीठ जातं हे खरंच आहे. पण त्या रेतीत शिंपल्यांचा जो बारीक चुरा असतो ना तो कितीही धुतला तरी जात नाही, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून घरं बांधायचा चुना करायचे तेच हे. हा चुरा टाकीच्या पाण्यात हळूहळू विरघळत राहतो, पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले चुन्यासारखे क्षार, वाढवतो आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप, वर नेऊन ठेवतो. आता आपल्या नळाला येणारं पाणी बघा, ओपाच्या जलप्रकल्पाचं असो की साळावली धरणाचं, ते घाटातून उतरलेल्या पावसाच्या पाण्याचंच असतं, मुळात मऊ. म्हणजे टाकीतल्या बहुतेक झाडांना जसं पाणी आवडतं तसं पाणी आपल्याला आयतं मिळतं आणि आपण ते शिंपल्या घालून बिघडवायचं, हे कशाला?

आणि बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं तेही सांगतो. पीएच चढला की पाण्यातलं लोह झाडाला घेता येत नाही, ते गंजासारखं होऊन खाली बसतं. मग झाडाची नवी पानं फिकट पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पानं ठीक आणि कोवळी पिवळी असं दिसलं की बहुतेक वेळा लोहाचीच गोष्ट असते. पण माणूस काय करतो, खत कमी पडलं म्हणून दुकानातून बाटली आणून ओततो, आणखी ओततो, झाड ते घेऊ शकत नाही, शेवाळ मात्र माजतं आणि दोन-तीन महिन्यांनी आपल्याला जमत नाही म्हणून टाकी रिकामी होऊन गच्चीवर जाते. असं झालेली घरं माझ्या ओळखीत आहेत. त्यांचा हात वाईट नव्हता, तळ चुकीचा होता एवढंच.

रेती चांगली की वाईट हे ओळखायला घरातलं व्हिनेगर पुरतं. रेती धुवून उन्हात पूर्ण वाळवायची, काचेच्या पेल्यात चमचाभर घ्यायची आणि वर दोन चमचे पांढरं व्हिनेगर. मग पेला खिडकीच्या उजेडाकडे धरून नीट बघायचं. शिंपल्यांचा चुरा असेल तर त्या कणांच्या अंगाला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात आणि एकेक करून वर सुटायला लागतात, जास्त असेल तर कानाजवळ नेल्यावर चुरचुर आवाजसुद्धा येतो. सुरुवातीला रेतीत अडकलेली हवा वर येते त्याला फसू नका, ती पाच-दहा सेकंदांत थांबते, कार्बोनेटचे बुडबुडे मिनिट-दोन मिनिटं चालूच राहतात. दुकानातून आणलेल्या प्रत्येक ग्रॅव्हलवर, म्हणजे बारीक खडीवर, हे करून बघा, कारण पांढरी दिसणारी खडी कित्येकदा संगमरवराचा चुरा असते आणि संगमरवरसुद्धा कार्बोनेटच. ज्याला फक्त गप्पी, मॉली, प्लॅटी ठेवायचे आहेत त्याला थोडा जडपणा चालतो, त्या माशांना तो आवडतो. पण विषय झाडांचा असेल तर बुडबुडे येणारं काहीही टाकीत नको.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. एक माणूस एक पिशवी नेतो, त्याने काय होतंय असं म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. किनाऱ्यावरून रेती काढायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमांत बंदी आहे आणि वाळूच्या टेकड्यांना तर सगळ्यात कडक संरक्षण आहे. त्या टेकड्या मर्यादवेलीने बांधून धरलेल्या असतात, पावसाळ्यात दर्या खवळतो तेव्हा आतल्या वाड्यांना आणि माडांना त्याच वाचवतात. मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात ती याच रेतीत. आपल्यासारख्या मोठ्या वाचकवर्गाच्या पेपरने बीचवरून रेती आणा असं छापलं तर ती एक पिशवी राहत नाही. नदीच्या रेतीचंही तेच, तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, सगळीकडे बेकायदा उपशावरून किती वर्षं रान उठलंय, हायकोर्टाने सरकारला कितीदा सुनावलंय, हे तुमच्याच पानांवर आम्ही वाचतो. छंदासाठी त्यात भर नको.

मग तळाला घालायचं काय? इथे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात, आधी दिसायला आवडेल ती माती किंवा खडी आणतात आणि मग त्यात लावायला झाडं शोधतात. आधी झाडं ठरवायला पाहिजेत. पाणवनस्पतीत काही झाडं मुळांनी खाणारी असतात, क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड, व्हॅलिस्नेरिया, अपोनोजेटॉन, लिली. यांना तळात खाणं पाहिजेच. काही झाडांना तळ लागतच नाही, अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा, मॉस, ही लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची असतात, उलट अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं जाडसर खोड रेतीत पुरलं तर ते कुजतं आणि झाड जातं. आणि मधली उभ्या काड्यांची झाडं, रोटाला, हायग्रोफिला, लिम्नोफिला वगैरे, ती मुळांनीही घेतात आणि पानांनी पाण्यातूनही घेतात. तुमच्या टाकीत फक्त अनुबियास आणि जावा फर्न असणार असेल तर महागाच्या मातीवर एक रुपया घालू नका. साधा धुतलेला काळसर बारीक ग्रॅव्हल घाला, तोही नको असेल तर उघडी काच ठेवली तरी झाडं जगतात. हे दुकानदार सहसा सांगत नाहीत, पण सांगायला पाहिजे.

दाण्याचा आकार ही गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. खडी मोठी असली, चण्याएवढी वगैरे, तर माशांचं उरलेलं खाणं आणि शी फटींतून खाली जाऊन तळाशी सडते आणि नाजूक झाडाला धरायला काही मिळत नाही, लावलं की थोड्या वेळाने वर तरंगतं. उलट अगदी पिठासारखी बारीक रेती असली तर ती दाबून बसते, आत पाणी फिरत नाही, ऑक्सिजन संपतो आणि खाली काळे पट्टे दिसायला लागतात. तिथे बोट किंवा काडी घातली की कुजक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. झाड उपटून बघा, निरोगी मुळं पांढरी असतात, अशा जागेतली काळी आणि बुळबुळीत. ग्रॅव्हल असेल तर दोन-तीन मिलीमीटरचा दाणा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. रेतीच हवी असेल, म्हणजे कोरीडोरस वगैरे तळाशी तोंड खुपसून खाणारे मासे असतील तर रेतीच बरी, तर अर्धा ते एक मिलीमीटरची सिलिका रेती घ्या. ती गोव्यात शोधावी लागत नाही, इथे इतकी हॉटेलं आणि इतके स्विमिंग पूल आहेत की पूलच्या फिल्टरमध्ये घालायची रेती विकणारे सापडतातच, ती चाळलेली असते, एकसारख्या दाण्याची असते आणि व्हिनेगरला दाद देत नाही. रेतीत मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी सोडल्या तर त्या दिवसभर आत शिरून रेती उकरत राहतात, थर बसू देत नाहीत. पुष्कळ जण त्यांना कीड समजून काढून टाकतात, मी तर त्यांना मुद्दाम ठेवायला सांगेन, खाणं जास्त पडलं नाही तर त्यांची संख्या आवाक्यात राहते.

जाडी किती? पुढे पाचेक सेंटीमीटर आणि मागे चढ देऊन सात-आठ, मोठी अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड असेल तर मागे थोडं आणखी. हिशेब अगदी साधा आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि हजाराने भागलं की लिटर. 60 बाय 30 च्या टाकीत सरासरी 6 सेंटीमीटर म्हणजे 10.8 लिटर, रेती असेल तर 16-17 किलोच्या आसपास. म्हणजे टाकी कशावर ठेवणार त्याचाही विचार आधीच करा, पाणी आणि काचेचं वजन यात धरलेलंच नाही.

रेती किंवा ग्रॅव्हल यात स्वतःचं खाणं काही नसतं आणि ते खाणं धरूनही ठेवत नाहीत. क्रिप्टोकोरिनसारखी झाडं त्यात लावली तर मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या, खुपसावे लागतात, काही महिन्यांनी पुन्हा. हा काही वाईट मार्ग नाही, स्वस्त आहे, वर्षानुवर्षं टिकतो आणि ज्याला टाकीत सारखा बदल करायची सवय आहे त्याला हाच बरा, कारण झाड उपटलं तरी चिखल वर येत नाही.

दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्वा सॉइल. जपानच्या ताकाशी अमानो यांनी 1982 मध्ये काढलेल्या एडीए कंपनीमुळे हा प्रकार जगभर गेला, आता बऱ्याच कंपन्यांचा मिळतो. मातीचे भाजलेले बारीक गोल दाणे, आत सेंद्रिय भाग. यातलं खरं महत्त्वाचं असं की ही माती अमोनियम, पोटॅशियम, लोह असलं सगळं स्वतःच्या अंगाला धरून ठेवते आणि मुळांना जसं लागेल तसं देते, रेतीला हे जमत नाही. शिवाय ती पाणी मऊ करते आणि पीएच खाली आणते. गवतासारखी पसरणारी नाजूक झाडं, लाल रोटाला, छोटी कोळंबी, यांच्यासाठी याला तोड नाही हे मी मान्य करतो. पण ज्या शहरात नळाला जड पाणी येतं तिथल्या लोकांसाठी हे जितकं उपयोगी तितकं आपल्याला लागतंच असं नाही, आपलं पाणी आधीच मऊ, त्यात ही माती उरलासुरला केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारा कार्बोनेटचा जडपणा, तोही शोषून घेते आणि पीएच सहाच्या खाली गेला की फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. गोव्यात अ‍ॅक्वा सॉइल घालणाऱ्याने केएचची टेस्ट किट घरात ठेवायलाच पाहिजे असं माझं मत आहे. आणि नवी अ‍ॅक्वा सॉइल पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते, म्हणून तेव्हा पाणी वरचेवर बदलायचं, झाडं लावून ठेवायची आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत एकही मासा सोडायचा नाही. चार ते सहा आठवडे लागतातच. दुकानातून माती आणि मासे एकाच दिवशी घरी आणणं म्हणजे माशांना मारायला आणणं, हे मोठ्या अक्षरात छापा अशी विनंती. ही माती धुवायची नसते, दाणे फुटतात, आणि दोन-तीन वर्षांत ती तशीही विरत जाऊन चिखल होते, मग बदलायची. हजारांत किंमत आणि कायमची नाही, घेणाऱ्याने हे धरून घ्यावं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिलं ती गोष्ट. आपल्या पायाखाली जी तांबडी माती आहे, ज्या चिऱ्यांची आपली घरं आहेत, त्या जांभ्याला जगभरचे टाकीवाले मान देतात. 1980 च्या दशकात जर्मनीतल्या डुप्ला कंपनीने झाडांच्या टाकीत तळाला घालायला जांभ्याची भुकटी पाकिटात विकायला काढली आणि युरोप-अमेरिकेतले लोक ती विकत घ्यायचे. हा जांभा म्हणजे आपल्याच पट्ट्यातला दगड, फ्रान्सिस बुखानन यांनी 1807 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेही खाली मलबारात अंगाडीपुरमला. यात लोह भरपूर. पण ते लोह गंजाच्या रूपात असतं, पाण्यात विरघळत नाही, म्हणून चिऱ्याचा तुकडा टाकीत वर ठेवून काही मिळत नाही, शोभेला ठेवा पाहिजे तर. भुकटी रेतीच्या खाली, जिथे ऑक्सिजन कमी असतो तिथे गेली की लोहाचं रूप बदलतं, ते विरघळतं आणि मुळाला घेता येतं.

हे कसं होतं ते बघायला प्रयोगशाळा नको, पावसाळ्यात घराबाहेर पडा. चिऱ्याच्या गडग्याखालून किंवा डोंगर कापलेल्या जागेतून जिथे पाणी झिरपतं तिथे नारिंगी बुळबुळीत गाळ साचलेला दिसतो आणि त्यावर तेलासारखा रंगीत तवंग. गाडीचं ऑइल सांडलंय असं वाटतं. काडीने ढोसून बघा, तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो, हा मात्र पापुद्र्यासारखा तुकडे होऊन फुटतो. जमिनीच्या आत हवा नसताना विरघळलेलं लोह बाहेर हवा लागताच पुन्हा गंजतं, आणि लोहावर जगणारे जिवाणू तिथे जमतात, त्याचा तो गाळ. तुमच्या टाकीच्या तळाशी हेच व्हायला पाहिजे, फक्त वर यायच्या आधी मुळांनी ते उचललं पाहिजे. म्हणून जांभा खाली आणि त्यावर स्वच्छ ग्रॅव्हलचा चांगला जाड थर, चार सेंटीमीटर तरी.

करायचं असं. कोणाकडे नवीन बांधकाम चालू असेल तिथे चिरे तासताना जी भुकटी पडते ती विचारून आणायची, सिमेंट न लागलेली, कारण सिमेंट पीएच चढवतं. पिठाच्या चाळणीतून जाईल ती एकदम बारीक धूळ टाकून द्यायची, तीच पाणी गढूळ करते, आणि वरच्या मोठ्या ढेकळांतून बाजरीएवढे कण घ्यायचे. तळच्या दोन सेंटीमीटरच्या ग्रॅव्हलमध्ये हे कण मिसळायचे, एक वाटी भुकटीला चार-पाच वाट्या ग्रॅव्हल एवढं पुरे, वर साधा धुतलेला ग्रॅव्हल आणि मग त्यावर बशी ठेवून बशीत हळू पाणी ओतायचं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, जांभा लोह देतो पण बाकीचं खाणं त्यात फारसं नाही आणि अ‍ॅक्वा सॉइलसारखं खाणं धरून ठेवायची ताकद त्याच्यात कमी असते. त्यामुळे स्वॉर्ड आणि क्रिप्टोला रूट टॅब लागतीलच. लोहाची बाटली मात्र बऱ्याच घरांत लागणार नाही.

साध्या बागेच्या मातीवरही टाकी चालते, वॉलस्टॅड पद्धत म्हणतात ती, अडीच सेंटीमीटर माती आणि वर तेवढाच ग्रॅव्हल, भरपूर झाडं पहिल्याच दिवशी. स्वस्त आणि सुंदर. पण गोव्यात माती कुठली घेता यावर सगळं आहे आणि इथे सावध राहायला पाहिजे. खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या शेताची, माती नको, तिथे भरतीचं खारं पाणी मुरलेलं असतं, भात होतं म्हणून टाकी होईल असं नाही, ते भातही खाऱ्याला सोसणारं असतं. कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, माती दिसायला काळीभोर, भुसभुशीत, मोह होतो, आणि आमच्या फोंड्याकडे तर ती दारातच आहे, पण सुपारीला कोळेरोग येऊ नये म्हणून दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, त्यात मोरचूद म्हणजे तांबं, ते वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. तांबं कोळंबी आणि गोगलगायींचा थोड्या प्रमाणातही जीव घेतं. डिचोली, सांगेकडे खाणीतून पावसात वाहून आलेला तांबडा गाळ व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला साचलेला असतो, तोही नको, पिठासारखा बारीक असतो, महिनाभर पाणी निवळणार नाही. तण मारायचं औषध मारलेल्या प्लॉटवरची नको. मोरडीवरची, म्हणजे उंचावरच्या कोरड्या जमिनीची, साधी माती, शेणखत न घातलेली, काड्या-पानं काढून, हीच बरी. घेतल्यावर बाटलीत थोडी माती आणि पाणी घालून जोरात हलवून ठेवा, रेतीचा भाग मिनिटभरात खाली बसतो, चिकण भाग दुसऱ्या दिवशीसुद्धा पाण्यात लोंबकळत असतो, आणि जे वर तरंगतं तो कुजणारा कचरा. तरंगणारं फार असेल तर ती माती ओली करून, उन्हात वाळवून, पुन्हा ओली करून असं काही वेळा करा, कुजायचं ते बाहेरच कुजून जाईल.

रंगीत खडीबद्दल जास्त लिहीत नाही. निळी, गुलाबी, पोपटी खडी मुलांना आवडते, पण तिचा रंग वरून चढवलेला असतो, स्वस्तातल्या खडीचा तो सोलून निघतो, आणि झाडांना तिचा काडीचा उपयोग नाही.

आपल्या घाटाच्या पायथ्याला पाणवनस्पतीच कमी नाहीत. क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरालिस नदीच्या पात्रात गोट्यांच्या फटीत गाळ धरून उगवते, पावसाळ्यात पूर्ण बुडून वाहत्या पाण्यात लांब पट्ट्यांसारखी पानं सोडते आणि पाणी उतरलं की फुलते. कोणी तिच्या मुळाशी बघितलं तर तळ कसा असावा हे तिथेच कळतं, वर धुतलेले खडे, खाली गाळ आणि तांबडी माती, मधून पाणी हळू झिरपतंय. बघावी, फोटो काढावा, पण उपटू नये. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथलं झाड काढणं गुन्हा आहे, आणि बाहेरच्या व्हाळांतली झाडंही आधीच गाळाने आणि बंधाऱ्यांनी कमी होत चाललीत. दुकानात टिश्यू कल्चरच्या डब्यांत वाढवलेली क्रिप्टोकोरिन मिळते, ती घ्या. आणि टाकीतली जास्तीची झाडं, गोगलगायी, मासे व्हाळात किंवा तळीत सोडू नका, चवथीला विसर्जनाच्या वेळी काही जण मासे सोडतात, पुण्य म्हणून सोडतात, पण बाहेरचा मासा आपल्या पाण्यात गेला की इथलं खाऊन टाकतो.

माझी तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, किनाऱ्यावरची रेती आणि शिंपल्या वापरू नयेत असा खुलासा छापा. हे पत्र लांबलंय हे मला कळतंय, जागा नसेल तर बाकी सगळं कापा पण किनाऱ्याचा, व्हिनेगरचा आणि अमोनियाचा भाग ठेवा. आणि आपल्या पेपरमधून दुकानदारांनाही सांगणं आहे की खडीच्या पाकिटावर तीन गोष्टी लिहा, दाणा किती मिलीमीटरचा, व्हिनेगरला बुडबुडे येतात की नाही आणि रंग वरून दिलाय की दगडाचा आहे. चिठ्ठी चिकटवायला काही खर्च नाही, आणि गिऱ्हाईकाचे मासे-झाडं जगली तरच ते पुन्हा दुकानात येतं. शाळांमधून टाकी ठेवणारे विज्ञानाचे शिक्षक असतील तर त्यांनी पेल्यातला व्हिनेगरचा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा, चुनखडी, आम्ल आणि वायू तिन्ही धडे त्यात येतात. ज्या कोणाला जांभा घालून टाकी करायचीय त्यांनी सुरुवात छोट्या टाकीत करा, वाळवलेला ग्रॅव्हल आत्ताच चाळून ठेवा आणि भुकटी मात्र पाऊस लागायच्या आधी आणा, ओली झाली की चाळणीतून जात नाही.

आपला,
एक नियमित वाचक
फोंडा, गोवा